जुनं घर, जुने कागद : वृंदावनावरचा आकडा

प्रश्न : आमचं घर पणजीत, मळा नावाच्या भागात. आजोबांनी १९५८ साली एका ख्रिश्चन विधवा बाईकडून ते विकत घेतलं, एवढंच आम्हांला ठाऊक. पण मागच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि ते आम्ही आलो तेव्हापासूनच होतं, असं आजी सांगायची. यंदा चतुर्थीआधी चुना काढताना त्याच्यावर देवनागरीत १८४९ दिसलं. फोटो पाठवते आहे. घर पावणेदोनशे वर्षांचं धरायचं का? ख्रिश्चनाच्या घरात वृंदावन बांधलं कुणी? आमच्याआधी इथं कोण कोण राहिलं ते शोधायचं तर सुरुवात कुठून करू? – एक वाचक, पणजी

उत्तर : तुमचा फोटो दोन दिवस माझ्या टेबलावर होता. पहिल्या दिवशी मलाही नुसतं १८४९ दिसलं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसले, तेव्हा आकड्याच्या डावीकडे चुन्यात बुडालेला 'श' आणि त्याच्यापुढचं टिंब दिसलं. खालच्या ओळीत 'का. शु. १२'. म्हणजे हा इसवी सन नाही, शके १८४९ आहे. शकात ७८ मिळवले की सन येतो : १९२७. आणि कार्तिक शुद्ध द्वादशी म्हणजे आपली व्हडली दिवाळी, तुळशीच्या लग्नाचा दिवस. त्या वर्षी ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली होती. तुमच्या मागच्या अंगणात त्या संध्याकाळी चुड्त्यांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा मंडप, ऊस, चिंचेची आणि आवळ्याची फांदी, सगळं मांडलं असेल, आणि चुना अजून पुरता सुकलाही नसेल.

ही गल्लत फार जणांची होते. मनात धरून ठेवा : पोर्तुगीज कागदावरचा आकडा इसवी सन असतो, दगडावर, देवळात किंवा मोडी वहीत देवनागरी आकडा दिसला तर आधी शक आहे का ते बघायचं. तिथी पौषाअखेरची, माघातली किंवा फाल्गुनातली असेल तर ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.

तेव्हा १९२७ हे वृंदावनाचं वय झालं. घर त्याच्याहून जुनं असू शकतं. आणि मला तुमच्या पत्रात सगळ्यांत मोलाची वाटली ती गोष्ट हीच, की विकणारी बाई ख्रिश्चन आणि अंगणात तुळस. मालक एक आणि राहणारा दुसरा, हे पणजीत घरोघरी होतं. घर भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, आणि आत भाड्यानं राहणारा कुणी कारकून, कुणी दुकानदार. मालकाचा माग कागदांत लागतो. राहणाऱ्याचा माग वेगळा काढावा लागतो, आणि लोक तो काढतच नाहीत. मी सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या परीक्षेपर्यंत, पोर्तुगीज शिकले आणि पुढे ३२ वर्षं एका वकिलांच्या कचेरीत जुने दस्त वाचून द्यायचं काम केलं. इतक्या वर्षांत 'मालक कोण होता' असं विचारणारे शेकड्यांनी आले. 'इथं कोण राहत होतं' असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून तुमचं पत्र वाचून बरं वाटलं.

आधी मालक. १९५८ ची 'एस्क्रितूर' म्हणजे खरेदीखत घरात असेलच, आजोबांच्या ट्रंकेत बघा. नोतारापुढे, म्हणजे नोटरीपुढे झालेलं, पोर्तुगीजमध्ये. सगळं वाचता आलं नाही तरी त्यात तीन आकडे शोधा. 'देस्क्रिसांव'चा नंबर, तो 'बी' वहीतला. 'इन्स्क्रिसांव'चा नंबर, तो 'जी' वहीतला. आणि 'मात्रीझ'चा नंबर. खत सापडलं नाही तर सिटी सर्व्हेच्या नोंदीवरून, म्हणजे पी. टी. शीट (नकाशाचा तक्ता) आणि चलता नंबर (त्यावरचा जागेचा क्रमांक) यांवरून सुरुवात करता येते. पण ती नोंद गोवामुक्तीनंतरच्या मोजणीची, मागचं ती फारसं सांगत नाही.

हे तीन आकडे घेऊन पणजीच्या सिव्हिल रजिस्ट्रार कम सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जा आणि देस्क्रिसांव व इन्स्क्रिसांव दोन्हींचे दाखले मागा. एकच मागून परत येऊ नका. देस्क्रिसांव म्हणजे त्या मालमत्तेचं वर्णन : घर की नारळांचं भाट, चारी बाजूंना कोण. इन्स्क्रिसांव म्हणजे ती कुणाकडून कुणाकडे गेली आणि कशी गेली, विकत, वारशानं, बक्षीस म्हणून की लिलावात. मात्रीझ ही कर वसूल करण्यासाठीची नोंद. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही, पण घरपट्टी कोण भरत होतं ते कळतं.

देस्क्रिसांव हातात आलं की समास वाचा. तिथं बारीक अक्षरात 'आव्हेर्बामेंत' असतात, म्हणजे मागाहून केलेल्या नोंदी. आधी नुसत्या माडांच्या जागेचं वर्णन आणि पुढे कधीतरी समासात 'इथं घर बांधलं' असं लिहिलेलं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. तुमच्या घराचं वय कळलं तर तिथंच कळेल. चतुःसीमाही उतरवून घ्या. रस्त्यांची नावं बदलतात, १८ जून रोड हे नाव तर १९६१ च्या आधीच्या कागदात मिळणारच नाही. पण 'पूर्वेस अमक्याचं घर' ही ओळ टिकते, आणि तो अमका तुमच्या भाडेकरूचा शेजारी असतो. 'फोर' हा शब्द दिसला तर जमीन कोमुनिदादीची (गावच्या सामाईक संस्थेची) किंवा एखाद्या कोन्फ्रारियाची (चर्चमधल्या मंडळाची), आणि घरमालक तिचा वार्षिक फोर, म्हणजे जमिनीचं भाडं, भरणारा. मग त्यांच्या वह्यांतही नाव मिळतं.

साखळीत मध्येच एखादी पिढी गायब दिसेल. घाबरू नका. प्रत्येक व्यवहार नोंदवलाच पाहिजे अशी सरसकट सक्ती नव्हती. त्या रिकाम्या जागी बहुतेक वेळा एखादा 'इन्व्हेंतार' असतो, म्हणजे मालक वारल्यावर कोर्टात झालेली वाटणी. विकणारी बाई विधवा होती, तेव्हा तिच्या नवऱ्यामागे इन्व्हेंतार झाला का ते कोर्टाच्या जुन्या अभिलेखात विचाराच. वारसांत मुलं अज्ञान असली तर तो करावाच लागे.

इन्व्हेंतार हा माझा सगळ्यांत आवडता कागद. काबेस द काझाल, म्हणजे घराचा कारभार पाहणारी व्यक्ती, बहुधा विधवाच, शपथेवर सगळं सांगते : मुलं किती, मुली किती, कोण कुठं, घरात काय काय. एकदा गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या एका घराची यादी वाचताना तांब्याचं भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं), दोन समया, एक मोडका पाळणा आणि 'रांधणीतलं रगडं, जमिनीत पुरलेलं', म्हणजे स्वयंपाकघरातला वाटायचा दगड, असं लिहिलेलं मिळालं. रगडं हलवता येत नाही म्हणून लिहिणाऱ्यानं ते मुद्दाम नमूद केलं होतं. ते वाचून मला ती रांधण डोळ्यांपुढे दिसली. आणखी एक. आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नसे, मुलीला मुलाइतकाच वाटा. त्यामुळे गोव्याच्या कागदांत बायकांची नावं पुरी सापडतात. त्यांच्या नावांवरून मागे जा, पुरुषांच्या नावांवर अडलेला माग पुष्कळदा तिथं सुटतो.

आता वृंदावन बांधणारे. १९५८ च्या खतात घर मोकळं दिलं की भाडेकरूसह, ते बघा. इन्व्हेंतार मिळाला तर त्यात येणं असलेलं भाडं आणि भाडेकरूचं नाव असू शकतं. एकदा नाव मिळालं की पुराभिलेख खात्यात जन्माच्या जुन्या वह्या आहेत. त्यांत आईबाप राहतात कुठं तेही लिहिलेलं असतं. १९२७ साली ज्या घरी हौसेनं वृंदावन उभं राहिलं त्या घरी त्या सुमारास एखादं मूल जन्मलं असेल, असं मला उगाच वाटतं. दुकानदार असेल तर त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळा. पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने अंक आहेत.

नावं शोधताना आपली नावं आपल्याला ओळखू येत नाहीत. पोर्तुगीज लिहिणारा 'श' ला एक्स लावतो, 'क' ला सी किंवा क्यू. शंकर, शाबा, शेट सगळे एक्समध्ये. केणी क्यूमध्ये. शणैचा सिनाय होतो, कामतचा कामोतीं, प्रभूचा पोरोबो. आणि सूची बहुधा पहिल्या नावानं लावलेली असते, आडनावानं नव्हे. आडनावाखाली शोधून 'नाही' म्हणत परत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

शेवटची विनंती वृंदावनाची. त्याला सुरी, पत्रा, तारेचा ब्रश काही लावू नका. ओल्या फडक्यानं चुना भिजवा, बोटानं चोळा, आणि काळोख पडल्यावर टॉर्च बाजूनं, अगदी आडवी धरा. समोरून धरली तर अक्षरं बुजतात, आडव्या उजेडात खोलगट रेषांत सावली भरते. 'का. शु. १२' च्या खाली मला आणखी एक ओळ असल्यासारखी वाटते. पहिलं अक्षर 'रा' की 'ग' ते फोटोत ठरत नाही. ती वाचली की मला कळवा.

प्रश्न : म्हापशातलं आमचं घर दुरुस्त करताना छपरावर '१८६५' असा छाप असलेली कौलं निघाली. घर त्याच सालचं ना? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. छाप नीट वाचा, बासेल मिशनचं नाव असेल. मंगळुरात जेप्पूला बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ते साल कारखान्याच्या स्थापनेचं म्हणून कौलावर उमटत राहिलं. छप्पर त्याच्या आधीचं नाही, एवढंच त्यावरून ठरतं. काही कौलांवर 'कॉमनवेल्थ' असेल तर ती पहिल्या महायुद्धानंतरची, कारण तेव्हा मिशनचे कारखाने ब्रिटिशांनी ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मात्र कौलं एका घरावरून दुसऱ्यावर जातात. चारदोन वेगळी निघाली तर त्यावरून साल ठरवू नका. कुठं नळ्यांची गावठी कौलं उरली आहेत का बघा. तीही जपून ठेवा.

प्रश्न : मडगावच्या ज्या घरात आम्ही ४१ वर्षं भाड्यानं राहिलो ते गेल्या वर्षी पाडलं. सासूबाई तिथंच वारल्या, दोन्ही मुलं तिथली. मालकाच्या कागदात आमचं नाव कुठंच नाही. आम्ही तिथं होतो याचा काही मागमूस राहील का? – एक गृहिणी, मडगाव

उत्तर : राहील, आणि तो तुम्हीच गोळा करायचा आहे, लवकर. भाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड, मुलांच्या जन्माचे आणि सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला, सगळ्यांवर तो पत्ता आहे. जुन्या मतदार याद्यांत घरवार नावं असतात. तुमच्या आधी तिथं कोण होतं ते कळायला डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीची आणि जानेवारी १९६७ च्या, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या जनमत कौलाची यादी बघायला मिळाली तर फारच चांगलं.

पण त्याआधी आज संध्याकाळी एक वही घ्या. घराचा नकाशा हातानं काढा, मापं चुकली तरी चालतील. सासूबाईंचं अंथरूण कुठल्या खोलीत होतं, पाळणा कुठल्या वाशाला टांगला होता, विहिरीवर तुमच्यासोबत पाणी भरायला कोण असायचं, त्यांची नावं लिहा. नाव आठवत नसेल तिथं 'कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची थोरली मुलगी' असं लिहा. मुलांनाही त्यांची त्यांची खोली काढू द्या. वहीची एक प्रत मला पाठवा.