शत्रूंचे गट लावताना

भावा, विश्रामबागला भेटलास तेव्हा तू व्हिडिओ गेमच्या विकीवर प्रत्येक शत्रूला दिसण्यावरून लेबल लावत होतास. ते आधी थांबव. ‘हेलो’ या गेममालिकेचंच बघ ना. २००१ च्या पहिल्या भागात एलिट या परग्रहवासी प्रजातीचे लोक म्हणजे कॉव्हेनंटचे, माणसांशी लढणाऱ्या परग्रहवासीयांच्या युतीचे, सैनिक. २००४ च्या दुसऱ्या भागात ते त्या युतीतून फुटतात आणि २००७ च्या तिसऱ्यात माणसांच्या बाजूनं लढतात! म्हणून प्रजातीचा वर्ग (सारखी पानं एकत्र लावायचं विकीवरचं लेबल) वेगळा, गटाचा वेगळा, आणि कोणत्या भागात कोणाकडून लढतात ते पानावरच लिही. गटाच्या नावात ‘शत्रू’ घुसडू नकोस. वर्ग हातानं टाकण्यापेक्षा माहितीचौकटीच्या (पानावरच्या थोडक्यात माहितीच्या चौकोनाच्या) साच्यातून, म्हणजे सगळ्या पानांना जोडलेल्या एकाच नमुन्यातून, येऊ देत. उद्या नाव बदललं तर एकाच जागी दुरुस्ती पुरते, नाहीतर शंभर पानं उघडत बसशील. एकट्या पानासाठी नवा वर्ग मात्र काढू नकोस, वाचणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो.