शारजातून परत या, पण जमिनीचं टोकन देऊ नका

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका ताईंनी शारजाहून लिहिलंय, नाव देत नाही. मिस्टर ३९, त्या ३६, मुलगी पहिलीत, तिकडे जाऊन नऊ वर्षं झाली. मिस्टरांचा पगार साडेतेरा हजार दिरहॅम, त्यात बेसिक आठ हजार. एनआरई एफडीत, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातल्या ठेवींत, ३८ लाख, म्युच्युअल फंडात ११ लाख, इकडे कर्ज काही नाही. मिस्टरांचं ठरल्यासारखंच आहे की पुढच्या मे महिन्यात कायमचं परत यायचं, गावाजवळ १८ गुंठे ३२ लाखाला घ्यायचे आणि त्यावर ४५ लाखात चार खोल्यांचा होमस्टे बांधायचा. त्यासाठी एफडी मोडायची, ग्रॅच्युइटी घालायची, कमी पडतील त्या २५ लाखांचं लोन. दलाल टोकन मागतोय. ताई लिहितात, "मॅडम, मला परत यायचंय, पण असं नाही. रात्री ह्याच विषयावरून वाजतं आमचं आणि गावी कोणाकडे बोलायची सोय नाही, सगळ्यांना वाटतं आम्ही तिकडे दिरहॅम मोजत बसलोय."

ताई, आधी उत्तर सांगते मग कारणं. परत या, मे मध्येच या हवं तर. जमीन घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. होमस्टे करायचाच असेल तर सासूबाईंच्या घरात दोन खोल्यांपासून सुरू करा. आणि एफडीचे ३८ लाख एका फटक्यात मोडायचे नाहीत, ह्यावर मी अजिबात हलणार नाही.

आता ती जमीन. तुम्ही लिहिलंय की नारळाची झाडं आहेत, हापूसची सहा कलमं आहेत आणि दलाल म्हणतो "एनए होऊन जाईल". एनए म्हणजे बिगरशेती परवानगी, ती अजून व्हायचीय म्हणजे आज सातबाऱ्यावर ती शेतजमीनच आहे. एनआरआय माणसाला शेतजमीन, बाग किंवा फार्महाऊस विकत घेताच येत नाही, फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे. फ्लॅट, घर, दुकान घेता येतं, वारसाने आलेली शेती ठेवता येते, विकत मात्र नाही. दलालाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, म्हणून तर त्याने दुसरा उपाय सुचवलाय, "आईच्या नावावर घ्या". पैसा तुमचा आणि नाव फक्त आईचं असं केलंत तर उद्या बेनामीच्या भानगडीत अडकाल, आणि पैसा रीतसर आईला गिफ्ट म्हणून दिलात तर जमीन खरोखरच आईची झाली, म्हणजे पुढे वारस नोंदीला मिस्टर, त्यांचा भाऊ आणि बहीण असे तिघंही उभे राहणार. भावाबहिणीशी आज गोडी आहे, चांगलंच आहे, पण कोकणातले सातबारे बघत बघतच माझे केस पांढरे झालेत, एकेका सर्व्हे नंबरवर पन्नास नावं असतात आणि त्यातल्या निम्म्या माणसांनी गाव बघितलेलं नसतं.

कायमचे परत आलात की फेमाची अडचण जाते, मग शेतकरी असल्याचा दाखला असेल तर जमीन घेता येईल. म्हणजे घाई आहे ती दलालाला, तुम्हाला नाही. आणखी एक, "खळ्यातून समुद्र दिसतो" असं जे तुम्ही कौतुकाने लिहिलंय ना, तिथेच माझा कान उभा राहिला. बऱ्याच गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांमुळे, नवीन बांधकामाला हात लावता येत नाही. दलाल अंतर पावलांनी मोजून दाखवतो, सरकारी नकाशा मोजत नाही.

धंद्याचा हिशोब. चार खोल्या, दोन हजार भाडं, वर्षात ११० रात्री भरल्या असं धरते. हा माझा अंदाज आहे पण कंजूष नाही, कारण दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना आणि जोडून आलेले शनिवार रविवार सोडले तर आपल्या किनाऱ्यावर शुकशुकाटच असतो, पावसात तर विचारू नका, जून जुलैमध्ये मासेमारी बंद, पर्यटक आला तरी त्याच्या ताटात ताजा बांगडा कुठून वाढणार. तर आले वर्षाला ८ लाख ८० हजार. त्यातले निम्मे जातात, जेवण करणारी बाई, चादरी, लाईट बिल, बुकिंगवाल्या साईटचं कमिशन, शिवाय खाऱ्या वाऱ्याने गंजणारे एसी आणि नळ. उरले ४ लाख ४०. पंधरा वर्षांचं २५ लाखाचं लोन ९ टक्क्यांनी धरलं तर हप्ता साधारण २५,४०० म्हणजे वर्षाला तीन लाखांच्या वर. हातात महिन्याला जेमतेम अकरा हजार. तुमचा घरखर्च तुम्हीच ४५ हजार लिहिलाय. बाकीचे ३४ हजार कुठून येणार, ११ लाखांच्या फंडातून? तीन वर्षंसुद्धा पुरायचे नाहीत. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा ऐन सीझनला कौलं उडाली होती लोकांची, ते वर्ष ह्या हिशोबात धरलेलंच नाही.

हे सगळं मिस्टरांना कळत नाही असं नाही हं. ते हिशोबाचे पक्के दिसतात, नऊ वर्षांत एकही ईएमआय चुकलेला नाही. मला विचाराल तर त्यांना होमस्टे नकोच आहे, त्यांना तिथून सुटायचंय आणि रिकाम्या हाताने परत आला असं कोणी म्हणू नये म्हणून दाखवायला काहीतरी हवंय. रोज इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास जायला न् दीड तास यायला, भाड्याचे चार चेक आगाऊ लिहून दिलेले, एखादा वटला नाही तर काय ह्या काळजीत पगाराची तारीख बघत बसायचं, हे नऊ वर्षं केलेला माणूस चिऱ्याच्या घराची स्वप्नं बघणारच. शाळेला सुट्टी जुलै ऑगस्टची, म्हणजे सगळ्यात महाग तिकीट काढून भर पावसात गावी यायचं आणि बऱ्याचदा गणपतीच्या तोंडावर परत जायचं कारण तिकडे शाळा सुरू होते. कोकणातल्या माणसाला ह्याहून मोठी शिक्षा नसेल. माझ्याकडे येणाऱ्या आखातातल्या जोडप्यांपैकी परत येण्याचा विषय आरतीचा व्हिडिओ कॉल झाल्यावर निघतो असं सांगणारे खूप आहेत.

पण तुमची बाजू मिस्टरांच्या हिशोबाच्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नाहीये, आणि पैशाच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. तुम्ही सावंतवाडीत पतसंस्थेत अकाउंट्स बघत होतात, ती नोकरी सोडलीत, पीएफ काढलात एक लाख साठ हजार आणि त्यातून शारजातल्या पहिल्या घराचं डिपॉझिट, फ्रिज आणि गॅसची शेगडी आली. पुढे नर्सरीत मदतनीस म्हणून अडीच हजार दिरहॅमवर काम केलंत, मुलगी झाल्यावर तेही सुटलं. ते एक साठ नुसते ८ टक्क्यांनी पडून राहिले असते तरी आज तीन लाख वीस हजाराच्या आसपास झाले असते. शीटमध्ये फ्रिजसुद्धा नाही आणि पीएफसुद्धा नाही. एफडी सगळ्या मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर, आणि नॉमिनी? तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्या दोन एफडींवर नॉमिनी सासूबाई आहेत, कारण खातं लग्नाआधीचं! कोणाचा वाईट हेतू नाही त्यात, फॉर्म बदलायचा राहिला एवढंच. पण तुमचा व्हिसा त्यांच्यावर, तिकडचं बँक खातं त्यांचं, आणि खातेदार गेला की तिकडच्या बँका खातं गोठवतात, घरात रोकड किती आहे ते तुम्हालाच माहीत. हा फॉर्म ह्याच आठवड्यात भरा, मे ची वाट बघू नका.

तुमच्या दिरांनी सुचवलेला मधला मार्गही वाचला, की तुम्ही आणि मुलगी आधी या, मिस्टर तिकडे बेड स्पेसमध्ये, म्हणजे चारचौघांच्या खोलीत एक कॉट भाड्याने घेऊन, राहून तीन वर्षं अजून कमावतील. कागदावर हे सगळ्यात फायद्याचं दिसतं, भाडं वाचतं, शाळेची फी वाचते, तीन वर्षांत पंचवीस तीस लाख सहज जमतील. मी तरी नको म्हणेन. आपल्याकडे गिरणीत गेलेल्या चाकरमान्यांच्या घरांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं, मनीऑर्डर आणि वर्षातून एकदा माणूस, आणि त्या घरांतल्या बायकांना विचारा काय शिल्लक राहिलं ते. तुमचं आत्ता भांडण होतंय म्हणजे निदान एका छपराखाली आहात. हा सल्ला आर्थिक नाही म्हणाल तर नसेल, चालेल.

मग पैशाचं काय करायचं. ग्रॅच्युइटी धरून चला साधारण ६०,००० दिरहॅम, पहिल्या पाच वर्षांचे दरवर्षी २१ दिवस आणि पुढच्या चार वर्षांचे ३० दिवस, तेही फक्त बेसिकवर. दिरहॅम २४ चा धरला तर १४ लाख ४०. मिस्टरांनी पूर्ण पगारावर हिशोब करून वीसच्या वर धरले होते असं दिसतं, तो आकडा खाली आणा. ही रक्कम आधी तिकडच्याच खात्यात घ्या आणि मग इकडे पाठवा, थेट भारतातल्या खात्यात नको, टॅक्सला उगाच प्रश्न. क्रेडिट कार्ड आणि गाडीचं लोन राजीनाम्याच्या आधी संपवा, नाहीतर फायनल सेटलमेंट आलं की बँक ते अडकवून ठेवते, कार्डाचे पाच सहा हजार राहिले म्हणून अख्खी रक्कम लटकलेली माणसं आहेत.

परत आल्यावर पहिली दोन वर्षं तुम्ही बहुतेक आरएनओआर मध्ये, म्हणजे नुकत्याच परतलेल्यांच्या टॅक्सच्या मधल्या गटात, बसाल, कारण नऊ वर्षं बाहेर होतात आणि दरवर्षीचं येणं महिना दीड महिन्याचंच. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इकडे टॅक्स नाही. पण एनआरई एफडीच्या व्याजाची करमाफी तुम्ही कायमचे परत आलात त्या दिवसापासून संपते, बँकेला कळवून खातं बदलून घ्यावं लागतं, न कळवता तसंच चालू ठेवणारे पुष्कळ आणि मग नोटीस आली की माझ्याकडे येतात. म्हणून १५ लाखांपर्यंत रक्कम निघायच्या आधी डॉलरमधल्या एफसीएनआर मध्ये, म्हणजे एनआरआयसाठीच्या परकीय चलनातल्या ठेवीत, टाका, तीन वर्षांसाठी. ती मुदतीपर्यंत तशीच चालते आणि आरएनओआर असेपर्यंत व्याज करमुक्त. तुम्ही गेलात तेव्हा दिरहॅम १८ च्या आसपास होता, आज त्याच्या बराच वर आहे, रुपया आणखी घसरला तर हा भाग तरी सावरून धरेल, आणि मुलीच्या शिक्षणाचा पाया म्हणून ह्याला हात लावायचा नाही.

दोन वर्षांचा घरखर्च म्हणजे ११ लाख साध्या एफडीत, ही रक्कम होमस्टेला मिळणार नाही असं मिस्टरांकडून कबूल करून घ्या. दहा लाख तुमच्या एकटीच्या नावावर. व्याज मिस्टरांच्या उत्पन्नात धरलं जाईल, थोडा टॅक्स लागेल, लागू दे. आरोग्य विमा आत्ताच इकडचा घ्या, तिकडचा कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो आणि मिस्टरांना शुगर आहे, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, तर ती वर्षं तिकडे असतानाच मोजायला सुरुवात होऊ दे.

होमस्टेसाठी सात आठ लाख, बस्स. सासूबाईंच्या घराला पडवीच्या बाजूला दोन खोल्या आहेत म्हणता, त्यांना संडास बाथरूम जोडा, कौलं शाकारून घ्या, पंखे नवीन घाला. न्याहारी निवास योजनेत नोंदणी करा, मालक घरातच राहणार आहे तर अडचण नाही. फक्त काम सुरू करायच्या आधी दीर आणि नणंद ह्यांच्याशी बोलून कागद करा, वाटप करा किंवा नणंद आनंदाने सोडत असेल तर रजिस्टर हक्कसोड पत्र, पण तोंडी काही नको. मिस्टरांना मे पर्यंत येता येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र कॉन्सुलेटमधून करून पाठवा, इकडे पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो, लोक तिथेच विसरतात.

तुमच्या कामाचं मिस्टर म्हणतात "तू होमस्टे बघशील". बघाल हो, पण पगार कोण देणार? वेंगुर्ल्यात काजूच्या फॅक्टऱ्या आहेत, कुडाळला सीए आहेत, जीएसटीचं काम माहीत असलेलं माणूस सगळ्यांना हवंय, आणि तुम्ही गेलात तेव्हा जीएसटी नव्हताच, म्हणून मे च्या आधी तिकडे बसूनच एखादा ऑनलाईन कोर्स करून घ्या. महिना अठरा वीस हजार आले तरी त्या ३४ हजारांच्या खड्ड्यातले निम्म्याहून जास्त भरले. मिस्टरांनीही इकडे नोकरी शोधायला लाज वाटायचं कारण नाही, एसी मेंटेनन्सचा एवढा अनुभव आहे आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांना तोच माणूस मिळत नाही, मोपा विमानतळ तर तुमच्या गावापासून फार लांबही नाही.

टोकन अजून दिलं नसेल तर दलालाला सांगा की आमच्या मॅडमनी मे पर्यंत थांबायला सांगितलंय, माझ्यावर ढकला खुशाल. दिलं असेल तर पावती आणि सातबारा दोन्ही मला पाठवा, आणि पावती दिलीच नसेल तर पुढचा एक रुपया द्यायच्या आधी ती मागून घ्या.