सगळेच भूभू का?

प्रश्न: माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. कुत्र्याला भूभू म्हणतो ते ठीक, पण गाय, शेळी, परवा गल्लीत आलेली म्हैस, सगळेच भूभू. फ्लॅशकार्डवर बरोबर ओळखतो, बाहेर पडलं की परत तेच! काही प्रॉब्लेम तर नाही ना?
– एक आई, धायरी

उत्तर: ताई, या वयात हे अगदी कॉमन आहे. आणि खरं सांगू का, अर्धं काम त्याने केलंय. काळे, पांढरे, लहान, मोठे कुत्रे त्याने एका नावाखाली आणलेत, फक्त ते नाव कुठे थांबवायचं हे अजून कळलेलं नाही. गटातल्या सगळ्यांना एकच प्रतिसाद आणि गटाबाहेरच्यांना वेगळा, दोन्ही जमलं की कॅटेगरी शिकली, असं केलर आणि शोनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५० मध्येच मांडलंय.

आता फ्लॅशकार्डचं. तिथे कुत्र्याचा एकच फोटो, त्यामुळे मूल कुत्रा शिकलं की तो फोटो, हे आपल्याला कळतच नाही. हर्नस्टाइन आणि लव्हलँड या संशोधकांनी १९६४ मध्ये कबुतरांना शेकडो फोटो दाखवले, फोटोत माणूस असेल आणि टोच मारली तर दाणे, नसेल तर काही नाही, आणि माणूस तरी कसा, कुठे गर्दीत, कुठे एकटा, कुठे अर्धा झाकलेला. तरी कबुतरं कधीच न पाहिलेल्या फोटोतसुद्धा माणूस ओळखायला लागली! व्याख्या कुणी सांगितली नव्हती, भरपूर वेगवेगळे फोटो होते आणि सोबत माणूस नसलेलेही.

म्हणून नुसतं 'भूभू नाही' म्हणू नका, मग काय म्हणायचं ते त्याला कुठे माहितीये? 'ही म्हैस, शिंगं बघ' असं लगेच नाव द्या, जमलं तर कुत्रा आणि म्हैस एकदम समोर असताना. बरोबर बोलला की कौतुक तिथल्या तिथे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्या (बुधवारी बंद असतं), आधी हत्तीसारखे एकदम वेगळे प्राणी दाखवा, कुत्र्यासारखे दिसणारे लांडगा-कोल्हा सगळ्यात शेवटी.

कार्डं मात्र टाकू नका हं. मरे सिडमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये एका १७ वर्षांच्या गतिमंद मुलाबद्दल लिहिलंय, त्याला शब्द ऐकून चित्र दाखवता यायचं पण वाचता येत नव्हतं. त्याला शब्द ऐकून छापील शब्द शोधायला शिकवलं, २० शब्द, तर छापील शब्द आणि चित्राची जोडी तो कुणी न शिकवता लावायला लागला. तुमच्या कार्डांवर चित्राखाली शब्द असतील तर वाचनाच्या वयात ती परत बाहेर काढा.