शेततळ्यातल्या रोहूला लाल चट्टे: लसूण-हळद कधी द्यायची, कधी नाही

सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदाराने विचारलं आहे:

"साहेब, 30 बाय 30 बाय 3 मीटरचं प्लॅस्टिक कागदाचं शेततळं आहे. जुलैत रोहू, कटला आणि सायप्रिनस या माशांची मिळून 3,000 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. आता दहा-बारा दिवस झाले, माशांच्या अंगावर लाल चट्टे आहेत, काहींची पोटं फुगलीत, खवले उभे राहिलेत. रोज पाच-सहा मरतात. दुकानदाराने कोंबड्यांचं एन्रोफ्लॉक्सासिन दिलं, ते पाच दिवस खाद्यातून घातलं. दोन दिवस मर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. शेजारी म्हणतात लसूण, हळद, कडुनिंब घाला. काय घालू आणि किती?"

अशीच विचारणा माळशिरस आणि करमाळ्याहूनही झाली आहे, म्हणून सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

आधी ती बाटली बंद करा. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ज्या गटातलं आहे, तो फ्लुरोक्विनोलोन गट खाण्याच्या माशांसाठी आपल्याकडे बंदीच्या यादीत आहे. कोंबडीला चालतं म्हणून माशाला चालेल, हा हिशेब चुकीचा आहे. मर दोन दिवस थांबून परत का सुरू झाली, हे डाळिंबवाल्याला मी वेगळं सांगायची गरज नाही. डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूच्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन या अँटिबायोटिकच्या फवारण्या वाढवत गेल्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंय. औषधाला दबणारे जिवाणू मरतात, न दबणारे मागे राहतात, आणि रोगाचं मूळ कारण जागेवरच असतं. त्यात तुमचं तळ्यातलं पाणी ड्रिपने बागेत जातं, म्हणजे औषधाचा अंश मातीतही पोचतो.

तुम्ही सांगितलेली लक्षणं एरोमोनस या जिवाणूच्या रोगाशी जुळतात. हा जिवाणू बाहेरून आलेला नाही. तो प्रत्येक तळ्याच्या पाण्यात असतो, धडधाकट माशाच्या आतड्यातही सापडतो. मासा अशक्त झाला, अंगाला जखम झाली, प्राणवायू कमी पडला, की तो डोकं वर काढतो. तुमचं तळं साधारण नऊ गुंठ्यांचं. मिश्र संवर्धनात हेक्टरी 5,000 ते 8,000 बोटुकली धरतात, म्हणजे तुमच्याकडे 500 ते 700 मासे हवेत. तुम्ही 3,000 सोडलेत. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) आणि चांगलं खाद्य असेल तर थोडे जास्त पेलतील, पण चौपट-पाचपट नाही. एवढ्या दाटीत कुठलंही औषध पुरं पडत नाही, इंग्रजी असो की झाडपाल्याचं.

आता एक काम करा. जाळं टाकून दहा-बारा मासे काढा आणि पंखांच्या मुळाशी, कल्ल्यांच्या कडेला नीट बघा. चपट्या, मसुराच्या डाळीएवढ्या, सरकणाऱ्या उवा दिसल्या तर त्या आर्ग्युलस आहेत. उवेने केलेल्या जखमेतूनच एरोमोनस आत शिरतो. तिथे लसूण-हळदीचा उपयोग नाही, आधी उवांचा बंदोबस्त करावा लागतो. आणि चट्ट्यांऐवजी मांसापर्यंत गेलेले खोल व्रण असतील, तर तो थंडीत येणारा व्रणरोग असू शकतो. त्याचं मूळ जिवाणूत नाही, बुरशीसारख्या अफॅनोमायसिस या जीवात आहे. त्याच्यावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने सिफॅक्स हे औषध काढलं आहे. त्याची मात्रा एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर पाणी असेल तर एक लिटर.

झाडपाल्याच्या औषधाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की आजारी मासा खात नाही. तुम्ही खाद्य टाकल्यावर वर उसळून येतात ते चांगले मासे. ज्याचं पोट फुगलंय तो कडेला नाहीतर पाइपच्या तोंडाशी सुस्त पडलेला असतो. खाद्यातून दिलेला लसूण त्याच्या तोंडात जातच नाही. म्हणून लसूण-हळद हा आजाऱ्याचा इलाज म्हणून देऊ नका, न आजारलेल्यांची ताकद वाढवायला द्या. रोहूवर झालेल्या प्रयोगांत खाद्यातून लसूण किंवा हळद 60 दिवस खाऊ घातली आणि मग मुद्दाम एरोमोनस टोचला. साध्या खाद्यावरच्या माशांपेक्षा या गटांत जास्त मासे वाचले. क्रम लक्षात घ्या: खाणं आधी, रोग नंतर. आपण उलटं करतो आणि मग म्हणतो, हळदीने गुण आला नाही.

म्हणून आज पाणी सुधारा. दोन-तीन दिवस खाद्य थांबवा किंवा निम्म्यावर आणा, कारण न खाल्लेलं खाद्य तळाला कुजून अमोनिया वाढवतं. तळातलं चौथाई पाणी काढा आणि विहिरीचं पाणी उंचावरून पडेल असं हळूहळू भरा. काढलेलं पाणी या वेळी बांधावरच्या झाडांना सोडा, डाळिंबाच्या ड्रिपला नको. एरेटर नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. पहाटे तीन ते सूर्योदय ही वेळ चुकवू नका, त्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी असतो. मेलेले मासे दिवसातून दोनदा काढून, चुना टाकून खोल पुरा. ते कुत्र्यांना घालू नका, ओढ्यातही फेकू नका. तळ्यात चुना टाकायची घाई मात्र करू नका. पाणी गर्द हिरवं असेल तर दुपारी सामू (pH) आधीच 9 च्या वर जातो. त्यात चुना पडला तर सामू आणखी वाढून अमोनिया जास्त विषारी होतो. आधी दुपारचा सामू मोजा.

मर थांबून मासे नेहमीसारखे खायला लागले, की लसूण किंवा हळद सुरू करा. मी एका वेळी एकच द्यायला सांगतो, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं.

लसूण दर किलो खाद्याला 10 ग्रॅम. पाकळ्या ठेचून दहा मिनिटं तशाच उघड्या ठेवा. अॅलिसिन हा लसणातला जिवाणू मारणारा घटक अखंड पाकळीत नसतो, पाकळी ठेचल्यावर तयार होतो. शिजवला की तो तयार होण्याची क्रियाच थांबते, म्हणून पेंडीबरोबर लसूण उकळून घालणाऱ्यांचे कष्ट वाया जातात. ठेचा थोड्या पाण्यात कालवून खाद्याच्या गोळ्यांवर चोळा, वरून किलोला चमचाभर शेंगदाणा तेल लावा म्हणजे पाण्यात लगेच सुटणार नाही. सावलीत तासभर सुकवून त्याच दिवशी संपवा.

हळद किलोला 5 ग्रॅम, तीही तेलातच कालवून, कारण कर्क्युमिन हा हळदीतला मुख्य घटक पाण्यात विरघळत नाही. सुटी पिवळीधमक पूड घेऊ नका, तिच्यात शिशाचा रंग असण्याचा धोका असतो. सांगली जवळच आहे, हळकुंड आणा आणि घरी दळा. सरासरी मासा 100 ग्रॅमचा धरला तर तुमच्याकडे 300 किलो मासे आहेत. वजनाच्या 2 टक्के म्हणजे रोज 6 किलो खाद्य, त्याला 60 ग्रॅम लसूण किंवा 30 ग्रॅम हळद. खर्च किरकोळ आहे. हे आजार दिसल्यावर नाही, पावसाळा संपताना आणि थंडीच्या तोंडावर सुरू करून सहा-आठ आठवडे द्या. आणि त्याआधी दाटी कमी करा. दुसरं तळं असेल तर त्यात विरळणी करा.

कडुनिंब पाण्यात घालू नका, हे मी कळकळीने सांगतो. आधीच्या नेमणुकीत एका शेतकऱ्याने निंबोळी तेल साबणात फेसून तळ्यात ओतलेलं मी पाहिलंय. सकाळी सगळे मासे तोंड वर काढून हवा ओढत होते आणि त्या घरातल्या बाई काठावर बसून होत्या. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असं धरून चालू नका. तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी 2,500 किलो मोहाची पेंड टाकतात, तीही वनस्पतीच. आणि माशांसाठी बंदी असलेल्या औषधांच्या यादीत अँटिबायोटिकच्या शेजारी सापसंदाच्या कुळातल्या वनस्पतीही आहेत.

करमाळ्याच्या पंगस मासा पाळणाऱ्यांनी तयार 'हर्बल' बाटलीबद्दल विचारलंय. लेबलवर घटक आणि त्यांचं प्रमाण छापलेलं नसेल आणि तीन दिवसांत मर थांबण्याची हमी असेल तर घेऊ नका. झाडपाला इतक्या लवकर काम करत नाही, मग आत काय आहे याची शंका घ्यायलाच हवी.

अँटिबायोटिक कधीच नको, असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेने जिवाणू ओळखला, कोणत्या औषधाला तो दबतो ते तपासलं आणि तज्ज्ञाने चिठ्ठी लिहून दिली, तर मान्य औषध ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस द्यावं लागतं. तपासणीसाठी उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ पडेल. लक्षणं असलेले पण जिवंत तीन-चार मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या, सोबत तळ्याचं लिटरभर पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत. मेलेला, फुगलेला मासा नेऊ नका. त्यात कुजवणारे जिवाणू इतके वाढतात की मूळचा शोधता येत नाही. आणि पाच दिवस काय दिलं ते न लपवता सांगा.

राहिला विक्रीचा प्रश्न. एन्रोफ्लॉक्सासिन खाल्लेले हे मासे आत्ता बाजारात नेऊ नका, घरीही खाऊ नका. किती दिवसांनी चालतील याचा आकडा मी देऊ शकत नाही, कारण ते औषध माशाला मान्यच नाही. मासे मोठे होऊ द्या आणि काढणीआधी दोन मासे अंश-तपासणीला पाठवा. अहवाल हातात आल्यावरच व्यापाऱ्याला बोलवा.