तुमचे प्रश्न : पुण्यातली संग्रहालये एका दिवसात

प्रश्न : आम्ही नाशिकहून एका दिवसासाठी पुण्यात येत आहोत. बरोबर सत्तरीच्या सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. केळकर संग्रहालय, शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस एका दिवसात होईल का?

उत्तर : होईल, पण शनिवारवाड्याची हौस थोडी आवरा. 1828च्या आगीत आतला महाल जळाला. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे अवशेष. भर दुपारी तिथे सावली शोधत फिरावं लागतं. दिल्ली दरवाजा बाहेरून पाहिलात तरी चालेल. उभा वाडा पाहायचा असेल तर दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग पाहा. तो बाजीराव रस्त्यावरच, केळकर संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

केळकर संग्रहालय सकाळी पहिलं घ्या, कारण जिने चढायचे आहेत. वीस हजारांवर वस्तूंपैकी मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास, तरीही सगळ्या पाहायला जाऊ नका. लोक पहिल्या दालनात प्रत्येक कपाटापुढे थांबतात आणि वाद्यांपर्यंत पोचेतो पाय भरून येतात. दोन तास धरा. दिवे, अडकित्ते आणि कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल निवांत पाहा, बाकीचं चालता चालता. मुलाला एक काम द्या : पक्ष्याच्या आकाराच्या वस्तू मोजायच्या. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री यांत त्याला पोपट आणि मोर भरपूर सापडतील. सासूबाईंना वज्री ओळखीच्या असतील, त्यांनाच समजावून सांगू द्या.

जेवून मंडई स्थानकावरून मेट्रो घ्या, जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून रामवाडीकडे जाणारी गाडी पकडा, कल्याणीनगरला उतरून रिक्षा करा. आगाखान पॅलेसमध्ये आधी मागच्या बाजूच्या समाध्यांकडे जा. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई (15 ऑगस्ट 1942) आणि कस्तुरबा (22 फेब्रुवारी 1944) दोघंही इथेच स्थानबद्धतेत असताना वारले. खोल्या त्यानंतर पाहिल्या की त्यांतलं साधं सामानही वेगळं दिसतं.

प्रश्न : काचेतल्या वस्तूंच्या फोटोत स्वतःचंच प्रतिबिंब येतं. काय करावं?

उत्तर : आधी तिकीट खिडकीवर परवानगी विचारा. फ्लॅश बंदच ठेवा. काचेवर तो पांढरा डाग होऊन येतो, शिवाय कापड आणि चित्रांचे रंग उजेडाने उडतात. फोन काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका. तरी प्रतिबिंब राहिलं तर थोडं तिरकं उभं राहा. गडद रंगाचा सदरा घातला असेल तर निम्मं काम तिथेच होतं.