गोव्यातल्या जुन्या वाड्यांत खरंच भुतं असतात का? आणि प्रत्येक वाड्यात एखाद्या बाईचीच गोष्ट का असते?

भुतं नसतात. रात्री माळ्यावर धावतं ते उदमांजर असतं, आणि दिवसभर तापलेले वासे थंड होताना कडकडतात. पण तुमचा दुसरा प्रश्न मला लागला, म्हणून लिहितेय.

आमचा वाडा फोंड्याकडे. मधे राजांगण, तुळस, जाड चिऱ्याच्या भिंती, स्वयंपाकघरामागे बाळंतिणीची अंधारी खोली आणि तिच्या पलीकडे विहीर. लहानपणी आम्हाला तिकडे फिरकू देत नसत, का तर लाल आलवणातली, म्हणजे विधवेच्या लुगड्यातली बाई दिसते. ही बाई म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. लहानपणीच लग्न, लगेच वैधव्य, केशवपन, मग कायमची माहेरी त्या खोलीत. घरचे सांगतात, तिला वेड लागलं आणि तिने विहिरीत जीव दिला.

वेड लागलेली बाई पोथ्या उतरवते का हो? देवघरातल्या पेटीत तिच्या हातची व्रतकथांची पोथी आहे. बोरूचं ठसठशीत अक्षर, समासाला लाल शाईच्या रेघा, कुठे खाडाखोड नाही, आणि शेवटच्या पानावर तिचं स्वतःचं नाव. त्याच पेटीत खाली तिने माहेरच्या इस्टेटीवरचा हक्क सोडल्याचा कागद सापडला, त्यावर सही नाही, अंगठा आहे, आणि नोटरीने पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवलंय की बाईला लिहिता येत नाही. मी तो कागद पोर्तुगीज येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतलाय, अर्थाबद्दल शंका नाही.

आता लक्षात घ्या, आमच्याकडे 1867 चा पोर्तुगीज सिव्हिल कोड 1870 पासून लागू झाला, त्यात मुलीला मुलाइतकाच वाटा होता. देशभरासाठीच्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीला यायला 2005 उजाडलं. म्हणजे मागच्या खोलीतली ती विधवा बिचारी वगैरे नव्हती, वारस होती, आणि ती नको असणारी माणसं तिच्याच घरात जेवायला बसत होती. भुताच्या गोष्टीचा फायदा असा की खोली बंद राहते, पेटी कोणी उघडत नाही.

हे मी बोलले की काका म्हणतात, गेलेल्या माणसांची उणीदुणी काढू नये. आणि तेच काका वाड्यात होमस्टे सुरू केल्यापासून पाहुण्यांना दिवे मालवून तिची गोष्ट सांगतात, लाल लुगडं, पैंजण, सगळं. केशवपन केलेल्या बाईच्या पायात पैंजण कुठून आले?

बाईच का, तर बाईला गप्प करणं सोपं होतं म्हणून. पोर्तुगीज काळात मोझांबिकहून आणलेले गुलामही गोव्यातल्या मोठ्या घरांत राबले, त्यांच्या तर गोष्टीसुद्धा कोणी उरू दिल्या नाहीत.

तुम्ही अशा वाड्यात राहायला जात असाल तर खुशाल जा, टॉर्च न्या, विहिरीचा कठडा बघून घ्या. मालकाने बाईची गोष्ट सांगितली तर तिचं नाव आणि तिच्या वाट्याचं काय झालं ते विचारा. तुमचंच घर असेल तर आधी पेट्या उघडा, मग पणजीच्या पुराभिलेखागारात आणि सब-रजिस्ट्रारकडे जुन्या दस्तांची चौकशी करा.

सगळ्याच वाड्यांत असं झालं असं मी म्हणत नाही, आणि विहिरीपाशी नेमकं काय घडलं ते कागदावरून सिद्ध होत नाही, मी वकीलही नाही. पण अंगठा तिचा नव्हता असं मी काकांना तोंडावर सांगितलंय आणि इथेही सांगते. पोथी माझ्याकडे आहे, ज्याला अक्षर ताडून बघायचंय त्याने यावं.