सात दिवसांत सात जंगलं? फोटो रोड ट्रिपबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळी झाली की प्रश्नांचा पाऊस सुरू होतो, आणि दर वर्षी निम्मे प्रश्न साधारण एकाच जातीचे असतात: "इतक्या दिवसांत इतकी ठिकाणं बसतील का?" बसतील हो, सुटकेसमध्ये पण सगळं बसतं, उघडल्यावर काय अवस्था असते ते महत्त्वाचं. असो, घेऊया एकेक.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको पुण्याहून फेब्रुवारीत स्वतःच्या गाडीने निघणार आहोत, सात दिवस आहेत. भिगवण, अजिंठा, लोणार, मेळघाट, पेंच, ताडोबा आणि जमलं तर नागझिरा. प्लॅन बघून सांगाल का? (पुणे)

बघितला. ह्यात फोटो कधी काढणार ते कुठे लिहिलंय ते मला सापडलं नाही. गंमत सोडा, पण जंगलाचा आणि लँडस्केपचा उजेड दिवसातून दोनदाच मिळतो, सकाळी दोनेक तास आणि संध्याकाळी दीडेक तास, आणि तुमच्या प्लॅनमध्ये नेमक्या त्याच वेळी तुम्ही गाडीत आहात, पोहोचताय दुपारी बारा-एकला, जेव्हा चितळसुद्धा सावलीत रवंथ करत बसलेलं असतं.

म्हणून कात्री लावतो, राग मानू नका. भिगवण काढा, ते सोलापूरच्या वाटेवर आहे, विदर्भाच्या नाही. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, कुठल्याही रविवारी पहाटे साडेचारला निघा आणि जेवायला घरी या. फक्त उजनीचं पाणी किती उतरलंय ते कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या होडीवाल्याला फोन करून आधी विचारा, कारण धरण तुडुंब असेल तर रोहित पक्ष्यांना उभं राहायला उथळ चिखल मिळत नाही, पाणी हटलं की थवे उतरतात. मेळघाटही काढा. वाईट आहे म्हणून नाही, उलट तो घाईत बघायचा प्रकारच नाही म्हणून. सेमाडोह-कोलकासला तीन दिवस देणार असाल तरच जा. पेंच आणि नागझिरा पुढच्या वर्षी. अजिंठ्याला लेणी बघायला नक्की जा, पण वेगळं.

राहिलं काय? लोणार आणि ताडोबा. आता बघा कसं मोकळं वाटतंय.

पहिल्या दिवशी पहाटे पुणे सोडा, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, तिथून समृद्धीला लागून मेहकरला उतरा, लोणार तिथून जवळच आहे. चारेकशे किलोमीटर होतील, संध्याकाळच्या उजेडाला लोणारच्या विवराच्या काठावर पोहोचता. हे विवर उल्केच्या धडकेनं बेसॉल्टमध्ये झालेलं आहे, व्यास साधारण 1.8 किलोमीटर, म्हणजे 24 एमएमच्या लेन्समध्ये (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद) पूर्ण बसत नाही, पॅनोरमा जोडायची तयारी ठेवा किंवा सरळ 16 घ्या. सकाळी काठावर ऊन येतं तेव्हा तळ अजून सावलीत असतो, बऱ्याच जणांचा तिथेच घोटाळा होतो, आकाश पांढरं आणि पाणी काळं. सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास घ्या, तेव्हा दोन्हीकडे उजेड सारखा असतो. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि तो रंग दर वर्षी ठरल्यासारखा येत नाही, तेव्हा त्या आशेवर जाऊ नका. दुसरा पूर्ण दिवस तिथेच काढा. दुपारी गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर, संध्याकाळी परत काठ, आणि झाडीत मोर असतात त्यासाठी कान उघडे ठेवा.

तिसऱ्या दिवशी परत समृद्धी, वर्ध्याला उतरून हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर आणि मोहर्ली, म्हणजे ताडोबाचं एक गेट. सहा-सात तास धरा. फेब्रुवारीअखेर गेलात तर ह्या पट्ट्यात पळस पेटायला लागलेला असतो, तेव्हा वाटेत थांबायला वेळ ठेवा (समृद्धीवर नाही, तिथं थांबायला बंदी आहे, उतरल्यानंतरच्या रस्त्यावर). मग चौथा-पाचवा दिवस ताडोबा, चार सफाऱ्या. सहाव्या दिवशी सकाळी आणखी एक आणि निघा, वाटेत मुक्काम, सातव्या दिवशी पुणे.

दोन गोष्टी बुकिंग करण्याआधी बघा. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, मंगळवारी बंद असतो, तो दिवस प्रवासाचा करा. आणि सगळ्या सफाऱ्या एकाच बाजूच्या गेटवरून घ्या. मी एकदा सकाळची मोहर्ली आणि दुपारची कोलारा घेतली होती, नकाशावर शेजारी दिसतात म्हणून. पण मध्ये जंगल आहे, तुमची गाडी त्यातून जात नाही, बाहेरून वळसा घालायला दोन तासांच्या वर लागतात. धापा टाकत पोहोचलो तर जिप्सी (सफारीची उघडी गाडी) निघून गेली होती. दोष पूर्ण माझा.

प्रश्न: माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि 55-250 लेन्स आहे. ताडोबासाठी 150-600 विकत घ्यावी का? घरात ह्यावरून वाद चालू आहे. (नाशिक)

वादात मी घरच्यांच्या बाजूने. भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत चार-पाच दिवसांच्या भाड्यानं लेन्स मिळते, डिपॉझिट ठेवून. घेताना टॉर्च मारून आत बुरशी आहे का ते बघा आणि दुकानातच दहा-बारा फोटो काढून फोकस तपासा, कारण मला एकदा अशी मिळाली होती की लांबचं सगळं किंचित मऊ यायचं आणि ते कळलं घरी आल्यावर.

पण खरं सांगू का, तुमची 250 क्रॉपवर, म्हणजे लहान सेन्सरवर, जवळपास 400 सारखी दिसते आणि ताडोबात रस्त्यावरून चालत येणाऱ्या वाघाला तेवढी पुरते, कधी कधी जास्तच होते. 600 लागते ती पक्ष्यांना आणि तलावापलीकडच्या जनावरांना. मोठी लेन्स आणली की माणूस फक्त डोळे आणि मिशा काढत बसतो. वाघ छोटा, बांबू मोठा, धुक्यात उभा एक रानगवा, असे फोटो 55 च्या बाजूनेच येतात आणि वर्षभरानं तेच आवडतात.

पैसे घालवायचेच असतील तर बीन बॅगवर घाला, तीही स्वतः शिवून होते. जीन्सची जुनी पँट, एक पाय कापा, रिकामीच न्या आणि तिथं पोहोचल्यावर दोन किलो तांदूळ भरा, परत येताना भात. जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर लेन्स टेकवायला ह्याहून चांगलं काही नाही, ट्रायपॉड जिप्सीत उघडत नाही. फोटो काढताना ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला नम्रपणे सांगा, अर्धे हललेले फोटो इंजिनच्या थरथरीनं हललेले असतात. सकाळच्या पहिल्या तासात बांबूखाली उजेड फार कमी असतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) 3200 ते 6400 ला घाबरू नका, दाणे चालतात, हललेलं चालत नाही. शटर निदान 1/500 सेकंद.

आणि जिप्सीत लेन्स बदलू नका. धूळ. मी बदलली होती, मग लोणारच्या सगळ्या आकाशात एकाच जागी एक काळा ठिपका आला, घार म्हणून खपवायचा प्रयत्न केला, कोणी ऐकलं नाही.

प्रश्न: तीनदा ताडोबाला गेलो, एकदाही वाघ नाही. आता चौथ्यांदा मे महिन्यात जायचं का? (कोल्हापूर)

मे मध्ये शक्यता वाढते हे खरं, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरतं, झुडपं वाळून पार दिसायला लागतं, आणि वाघ दुपारी पाण्यात येऊन बसतो. पण किंमतही आहे, पंचेचाळीसच्या पुढे गेलेला पारा आणि तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा. लांबून काढलेला वाघ पाण्याखालून काढल्यासारखा दिसतो, त्याला कुठलीही महागडी लेन्स इलाज नाही, जवळ येईपर्यंत थांबणं हाच इलाज. पहिली सकाळची वेळ सोडू नका.

एक मात्र करा, गेल्या तीन ट्रिपमध्ये गाईडला पहिलं वाक्य काय बोललात ते आठवा. "टायगर दिसेल ना?" असं असेल तर ते बदला. हे वाक्य ऐकलं की बिचारा दिवसभर इतर जिप्सींच्या मागे पळत राहतो. त्याऐवजी म्हणा, दादा एका पाणवठ्यावर तासभर थांबू, चितळाचा, सांबराचा कॉल (धोक्याची हाक) ऐकू. बसून राहिल्यावर मला अस्वल मिळालंय, रानकुत्र्यांचा कळप मिळालाय, आणि हो, वाघपण. पळून मिळाली ती धूळ.

आणि गर्दीत सायटिंग झालंच तर वाट सोडा. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्हीकडून जिप्सींनी कोंडलं होतं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींमध्ये कॅमेरेवालेही असणारच, आपल्यासारखेच. पुढे घ्या, अजून पुढे घ्या, असं ड्रायव्हरला आपणच सांगत असतो.

प्रश्न: कॅमेरा नाही, फक्त मोबाईल. सप्टेंबरमध्ये दोन मुलांना (8 आणि 11) घेऊन तीन दिवस कास आणि आंबोली दोन्ही करायचंय. (ठाणे)

ताई, मोबाईलवाल्यांना ताडोबात सफारीला मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे तुम्ही कास निवडलंत ते बरोबरच. पण आंबोली ह्यात घालू नका, ठाण्याहून जाऊन-येऊन दोन दिवस रस्त्यातच जातील आणि मुलं मागच्या सीटवर एकमेकांचे केस उपटतील. आंबोली जून-जुलैची, धो-धो पावसात रात्री टॉर्च घेऊन, ओळखीच्या वाटाड्याबरोबर बेडूक आणि चापडा साप बघायची. ती वेगळी ट्रिप, तेव्हा परत विचारा.

कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. फुलांच्या दिवसात रोज ठरावीक माणसांनाच सोडतात, ऑनलाइन बुकिंग करून जा आणि शनिवार-रविवार टाळा, शाळेला एक दांडी मारली तर काही बिघडत नाही. तिथं गेल्यावर पहिला धक्का बसतो तो फुलांच्या आकाराचा. फोटोत जांभळा गालिचा दिसतो, प्रत्यक्षात सीतेची आसवं ही जांभळी फुलं नखाएवढी असतात. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली जमिनीजवळ येतो, आणि फुलांच्या उंचीवरून काढा, मागे ढग. मुलांची उंची इथे कामी येते, माझ्या भाचीनं काढलेला सोनकीचा फोटो माझ्यापेक्षा चांगला होता, मी हे घरी मान्य केलेलं नाही. ऊन कडक झालं तर छत्रीची सावली फुलावर धरा. धुकं आलं तर हळहळू नका, लेन्स बनियनच्या मऊ फडक्यानं दर पाच मिनिटांनी पुसा आणि काढत राहा. फक्त वाटेवरूनच काढा, एका फोटोसाठी माणूस आडवा झोपला की त्याच्याखाली किती फुलं गेली ते मोजून बघा.

प्रश्न: पेंचला आकाशगंगेचे फोटो काढता येतात असं ऐकलं. कधी जाऊ? गाडी जंगलाच्या कडेला लावून काढलं तर चालेल? (नागपूर)

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. रात्री रस्त्याच्या कडेला एकटं उभं राहायचं नाही, तो रस्ता तेव्हा तुमचा नसतो.

आता पहिलं. महाराष्ट्रातला पेंच 2024 च्या जानेवारीत भारतातला पहिला डार्क स्काय पार्क (रात्रीचं आकाश काळं राखलेलं जंगल) झाला, सिल्लारी, वाघोली भागातल्या गावांमधले दिवे खाली तोंड करून बसवलेत, म्हणून आकाश काळं राहतं. वनखात्यानं ठरवून दिलेल्या जागेवरूनच बघा, राहण्याची सोय करताना तसं विचारून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये आकाशगंगेचा ठळक भाग पहाटे आग्नेय दिशेला वर येतो, मे मध्ये मध्यरात्रीच्या आसपास, आणि जूनमध्ये ढग येऊन सगळं संपवतात. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस निवडा. सर्वांत रुंद लेन्स, एफ 2.8 असेल तर उत्तम, 15 ते 20 सेकंद, आयएसओ 3200, फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने, आणि मग फोकस रिंगवर चिकटपट्टी लावा, अंधारात हात लागतोच.

तुम्ही नागपूरचे आहात, तासा-दीड तासात पोहोचता, म्हणून तुम्हाला रोड ट्रिप वगैरे करायची गरजच नाही. डबा घ्या, पांघरूण घ्या आणि जा.